इंजिन गरम करण्याचा रिवाज: चौसाळ्याच्या रस्त्यावरून मोटारसायकलीचा इतिहास

मोटारसायकल सुरू केल्यावर तिला लगेच गिअरमध्ये न घालता काही वेळ जागेवरच चालू ठेवणे, म्हणजेच रोजच्या बोलण्यात गाडी गरम करणे, हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दुचाकीबरोबर आलेला आणि तिच्याबरोबरच वाढलेला रिवाज आहे. तो वडिलांकडून मुलाकडे आणि मिस्त्रीकडून गिऱ्हाइकाकडे तोंडी आला, त्यामागची कारणे क्वचितच कोणी विचारली, आणि म्हणूनच इंजिनाची रचना पार बदलून गेल्यावरही पुष्कळ ठिकाणी तो जुन्याच स्वरूपात टिकून राहिला. तथापि त्याला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे चुकीचे ठरेल. प्रत्येक काळातील यंत्राने आपल्या चालकाला काही अटी घातल्या होत्या, त्या पाळल्याशिवाय ते यंत्र नीट चालत नसे, आणि गाडी गरम करणे हे त्या अटींचेच पालन होते. यंत्रे बदलली तशा अटी बदलल्या, सवय मात्र बहुधा आधीच्या यंत्राची राहिली. एका महामार्गावरील गावाच्या संदर्भात हा क्रम पाहिला, तर ग्रामीण महाराष्ट्राने इंजिन कसे समजून घेतले याचा इतिहास हाती लागतो.

चौसाळा हे बीड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर, बालाघाटच्या पठारी भागात आणि सोलापूर–धुळे महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता क्रमांक ५२ चा भाग असून, सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव आणि येरमाळामार्गे येणारी वाहतूक चौसाळ्यावरून मांजरसुंब्याकडे जाते आणि तेथील घाट उतरून बीडला पोहोचते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. मतदारसंघांच्या २००८ मधील पुनर्रचनेपर्यंत चौसाळा हे विधानसभेच्या एका मतदारसंघाचेही नाव होते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील परळीला निझामाच्या काळातच रेल्वे आली, परंतु बीड शहराला ती मिळण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. साहजिकच या पट्ट्यातील माणसांचे आणि मालाचे येणेजाणे आधी बैलगाडीवर, नंतर एसटीवर आणि अखेरीस दुचाकीवर अवलंबून राहिले. महामार्गापासून आत असलेल्या वस्त्यांना बाजार, दवाखाना, शाळा आणि तालुक्याची कचेरी गाठण्यासाठी मोटारसायकल हेच आपल्या वेळेला मिळणारे वाहन ठरले, आणि म्हणून ती सकाळी पहिल्या दोन-तीन कीकमध्ये सुरू होणे व मोठ्या रस्त्यावर चढताना बंद न पडणे ही येथे गरजेची बाब बनली.

इंजिन आणि उष्णता यांचा संबंध मोटारसायकलीच्या जन्मापासूनच आहे. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीतील कानश्टाट येथे तयार केलेल्या पहिल्या पेट्रोल दुचाकीत ठिणगी पाडणारा प्लग नव्हता. सिलिंडरला जोडलेली एक छोटी नळी बाहेरून ज्योतीने लालभडक होईपर्यंत तापवली जाई, आणि आत दाबलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण त्या तप्त नळीला भिडून पेट घेई. म्हणजे त्या काळी आधी तापवणे आणि मग सुरू करणे हा क्रम यंत्राच्या रचनेतच होता. म्युनिक येथे १८९४ पासून विक्रीसाठी बनू लागलेली हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची मोटारसायकलही याच पद्धतीची होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून उच्च दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे साधन, बाहेर पडला आणि ज्योतीची गरज संपली. आता क्रम उलटा झाला. इंजिन थंड असतानाच सुरू होऊ लागले, आणि ते तापेपर्यंत सांभाळण्याची जबाबदारी चालकावर आली.

ही जबाबदारी का येते, याची तीन कारणे आहेत. पहिले कारण इंधनाचे आहे. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. धातू थंड असला की पेट्रोलचा बराचसा भाग नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींवर थेंबांच्या रूपाने चिकटून राहतो, त्यामुळे पुरेशी वाफ मिळावी म्हणून पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. हे काम चोक करतो, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारी हवा अडवून किंवा जादा पेट्रोलची वाट उघडून तो मिश्रण दाट करतो. दुसरे कारण तेलाचे आहे. थंडीत काकवी जशी सावकाश ओघळते तसे रात्रभर तळाशी निथळलेले इंजिन ऑइल पहाटे दाट झालेले असते, आणि ते इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात. तिसरे कारण धातूंच्या प्रसरणाचे आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडरची आतली भिंत बहुधा बिडाची असते, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून या दोहोंमधली फट तापलेल्या अवस्थेचा विचार करून ठेवलेली असते. इंजिन थंड असताना एकदम जोराची रेस दिली, तर पिस्टन आधी तापून फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि घासण्याचा किंवा पिस्टन जाम होण्याचा धोका संभवतो.

मराठी शेतकऱ्याला हे ज्ञान प्रथम मोटारसायकलीने दिले असे मात्र म्हणता येत नाही. त्याआधी विहिरीवरचे इंजिन आले होते. सातारा येथील कूपर आणि १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या उद्योगांची डिझेल इंजिने मोटेच्या जागी बसली, आणि विजेच्या तारा शिवारात पोहोचण्यापूर्वी बागायतीचा विस्तार त्यांच्याच बळावर झाला. हँडल मारून सुरू होणाऱ्या या इंजिनावर सिलिंडरमधला दाब सोडून देणारी एक कळ असे. ती उचलून जड चाकाला गती द्यायची आणि गती आल्यावर कळ पाडायची, ही रीत शेतकऱ्याच्या हाताला बसली. यापुढची पायरी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या लहान पंपाच्या इंजिनांची होती. रॉकेलची थंड इंजिनात नीट वाफ होत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर इंजिन तापवून घ्यायचे आणि मग कॉक फिरवून रॉकेल सोडायचे असा तेथे नियमच होता, आणि घाई केली तर इंजिन धूर ओकून बंद पडे. इंजिनाला कामाला लावण्यापूर्वी तापू द्यावे लागते, हा धडा अशा रीतीने रस्त्याच्या आधी मळ्यात गिरवला गेला होता.

रस्त्यावरील पहिल्या पिढीत ब्रिटिश धाटणीची बुलेट आणि झेक धाटणीची जावा या दोन गाड्यांचा दबदबा होता. मद्रास येथे १९५५ पासून जुळणी सुरू झालेली साडेतीनशे सीसीची बुलेट सुरू करणे हा विधीच होता. पेट्रोलचा कॉक उघडायचा, जुन्या कार्ब्युरेटरवरची छोटी कळ पेट्रोल बाहेर पाझरेपर्यंत दाबून धरायची, किल्ली फिरवायची, दाब सोडणारी दांडी ओढून कीक हळूहळू खाली न्यायची, हेडलाइटच्या घरावरील अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की दांडी सोडायची आणि मग एकच पूर्ण कीक मारायची. काटा मध्यावर येणे म्हणजे ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले आणि पिस्टन योग्य जागी आला, अशी खूण होती. ती चुकली तर कीक उलटी फिरून पायावर येई. विहिरीवरच्या इंजिनाची कळ ज्याच्या हाताखालून गेली होती, त्याला या दांडीचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नसे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि पुढे येझदी यांत कीक आणि गिअर यांची दांडी एकच होती, आणि कार्ब्युरेटरवरची कळ दाबून पेट्रोल भरून घेण्याची पद्धत तेथेही होती. या गाड्यांचे इंजिन मोठे, धातू जास्त आणि ठिणगी आजच्या मानाने दुबळी असल्याने त्यांना एकसारखी धडधड सापडण्यास खरोखरच वेळ लागे, आणि काही मिनिटे गाडी चालू ठेवण्याचा रिवाज या पिढीत पूर्णपणे सकारण होता.

ग्रामीण भागात दुचाकी खऱ्या अर्थाने पसरली ती त्यामानाने स्वस्त टू-स्ट्रोक गाड्यांमुळे. टू-स्ट्रोक म्हणजे पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा जळण होणारे इंजिन. त्याला स्वतंत्र तेलाची टाकी नसे, तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि तेच जाता जाता आतल्या भागांना वंगण देई. एस्कॉर्ट्सची पोलिश बनावटीवरून घडवलेली १७५ सीसीची राजदूत, कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ मधील पायडलची लुना, बजाजच्या स्कूटरी आणि १९८० च्या दशकातील एम-८० ही या वर्गाची ठळक नावे होत. यांपैकी राजदूत आणि एम-८० या दुधाच्या किटल्या, भाजीची गाठोडी आणि खताची पोती वाहणाऱ्या गाड्या म्हणून खेड्यापाड्यांत स्थिरावल्या.

टू-स्ट्रोकची सकाळ वेगळ्या प्रकारे अवघड होती. रात्रभरात कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाई, पण त्यातले तेल मागे राही. सकाळी पहिल्या कीकबरोबर हे जादा तेल आत ओढले जाऊन निळसर पांढरा धूर निघे आणि प्लगच्या टोकावर काळा चिकट थर बसे. मग प्लगपान्याने प्लग खोलायचा, पुसायचा, पॉलिश पेपरने टोक घासायचे, इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पडते का ते कीक मारून पाहायचे आणि पुन्हा बसवायचा, ही अनेक घरांतील नित्याची बाब होती, आणि सीटखालच्या खणात जादा प्लग बाळगणे हे शहाणपणाचे मानले जाई. स्कूटर कीक मारण्यापूर्वी एका बाजूला कलंडवण्याची सर्वपरिचित पद्धतही याच वर्गातली. कलंडवल्याने कार्ब्युरेटरमधला फ्लोट हलून जादा पेट्रोल आत येई आणि चोकचेच काम होई. टू-स्ट्रोकच्या बाबतीत गरम करण्याला आणखी एक बाजू होती. मंद गतीवर इंजिनाला तेलही मंदच मिळते आणि साचलेले तेल जळून जात नाही, म्हणून मिस्त्री मधूनमधून हलकी रेस देण्यास सांगत. थांबून थांबून अॅक्सिलरेटर पिळण्याची जी लकब पुढे चार-स्ट्रोक गाड्यांवरही दिसत राहिली, तिचे मूळ येथे आहे. या काळात पेट्रोल आणि रॉकेल यांच्या किमतींतील तफावतीमुळे भेसळीचे प्रकारही घडत, आणि रॉकेल मिसळलेले इंधन थंड इंजिनात नीट न जळल्याने गाडी तापवण्याचा वेळ आणखी लांबे.

चौसाळ्यासारख्या गावाच्या जागेनेही या रिवाजाला बळ दिले. कार्ब्युरेटरचे इंजिन थंड असताना अॅक्सिलरेटर एकदम उघडला, तर हवा तत्काळ वाढते, पेट्रोलची वाफ मागे पडते, आणि इंजिन गचके खाऊन बंद होते. गल्लीत हे घडले तर पुन्हा कीक मारण्यापलीकडे काही बिघडत नाही, परंतु मालमोटारी आणि एसटी यांची सतत ये-जा असलेल्या महामार्गावर वळताना ते घडले तर जिवावर बेतते. पठारावर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १५ अंशांखाली उतरते, आणि नेमक्या याच महिन्यांत ऊसतोडीचा हंगाम, रब्बीची पाळी आणि भाजीपाल्याची बाजारवाट यांमुळे पहाटे निघणे भाग पडते. गाडी घराच्या दारातच तापवून घ्यायची आणि मगच मोठ्या रस्त्याला लावायची, हा या परिस्थितीत सुरक्षिततेचाही नियम होता.

या परंपरेला पहिला मोठा छेद १९८५ मध्ये गेला. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० ही चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली, त्याच सुमारास तत्कालीन औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाल्याने मराठवाडा स्वतःच दुचाकी बनवणारा प्रदेश झाला, आणि १९९४ मधील स्प्लेंडरनंतर शंभर सीसीची चार-स्ट्रोक मोटारसायकल हेच खेड्याचे मुख्य वाहन बनले. चार-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे साठवलेले असते आणि पंप ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, काही सेकंदांत पोहोचवतो. इंजिन लहान, धातू कमी आणि ठिणगी इलेक्ट्रॉनिक असल्याने ते लवकर तापते. या गाड्यांना सकाळी हवे असे ते एवढेच की चोकची दांडी ओढावी, अॅक्सिलरेटर न पिळता कीक मारावी, गती स्थिर झाली की चोक परत सोडावा, आणि मिनिटभराच्या आत सावकाश निघावे. नीट लावलेले असे इंजिन चोकशिवाय मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांवर शांतपणे चालते, आणि ते तसे टिकले की निघण्यास हरकत नसते.

सवय मात्र बुलेटची आणि राजदूतची राहिली, आणि तिने या नव्या इंजिनांचे थोडे नुकसानही केले. चोक ओढलेल्या अवस्थेत गाडी पाच-दहा मिनिटे उभी ठेवली की न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते, तर प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते. शिवाय जागेवर चालणाऱ्या इंजिनावर भार नसल्याने ते फार सावकाश तापते, आणि सावकाश चालवत नेलेली गाडी त्याच्या कितीतरी आधी योग्य तापमानाला पोहोचते. गिअरबॉक्सचे, साखळीचे आणि टायरचे तापणे तर उभ्या गाडीत होतच नाही. याहून गंभीर धोका माणसाचा आहे. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक वायू अधिक असतो, आणि चोरीच्या भीतीने गाडी घरात किंवा पत्र्याच्या बंद शेडमध्ये ठेवणाऱ्याने तेथेच ती तापवणे हे स्वतःच्या आणि घरच्यांच्या जिवाशी खेळणे आहे. या एका बाबतीत तरी जुन्या रिवाजाला स्पष्ट विरोध केला पाहिजे.

दुसरा छेद कायद्याने दिला. वाहनांच्या धुरावर देशात १९९१ पासून मर्यादा आल्या, त्या टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्या, टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून मागे हटल्या, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांनी कार्ब्युरेटर जवळजवळ इतिहासजमा केला. त्याची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. यात इंजिनाचे तापमान मोजणारा संवेदक एका लहान संगणकाला माहिती देतो, आणि तो पेट्रोलचे प्रमाण दर क्षणाला ठरवतो. पूर्वी चोक ओढण्याचे आणि सोडण्याचे जे काम चालकाचा डावा हात करत असे, ते आता ही यंत्रणा करते, म्हणून अशा गाडीवर चोकची दांडीच नसते. सायलेन्सरमधील उत्प्रेरक, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारे मूल्यवान धातूंचे जाळे, साधारण २५० ते ३०० अंशांना तापल्यावरच नीट काम करते, आणि तेही उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत लवकर तापते. २०१४ पासून काही गाड्यांत तर तापलेले इंजिन न्यूट्रलमध्ये काही सेकंद तसेच राहिले की आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. ज्या यंत्रासाठी माणूस थांबत असे, तेच यंत्र आता विनाकारण थांबण्यास नकार देऊ लागले.

या इतिहासाचे पुढचे प्रकरण पुन्हा बीड जिल्ह्याच्या श्रमाशी जोडले जाते. येथून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, आणि त्यांनी तोडलेल्या उसापासून साखरेबरोबर इथेनॉलही बनते, जे आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि पेट्रोलमध्ये लवकर उडून जाणारे जे हलके घटक असतात ते त्यात नसतात, त्यामुळे शुद्ध इथेनॉलवर थंड इंजिन सुरू करणे साधारण १५ अंशांखाली कठीण होत जाते. ब्राझीलमध्ये १९७९ पासून इथेनॉलवर मोटारी धावू लागल्या, तेव्हा थंड सकाळी इंजिन पेटवण्यासाठी त्यांत पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागली होती. वीस टक्के मिश्रणात ही अडचण नगण्य असते आणि इंजेक्शन ती भरून काढते, परंतु टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये इथेनॉलवर चालणारी अपाचे भारतात आणली त्याप्रमाणे पुढे अधिक इथेनॉलच्या दुचाकी रुळल्या, तर बालाघाटच्या पठारावरील हिवाळी पहाट इंजिनाला पुन्हा एकदा अट घालू शकेल. विजेवरील दुचाकीला मात्र ही अट लागूच नाही.

सारांश, गाडी गरम करण्याचा रिवाज म्हणजे एक ठरावीक कृती नव्हती, तर यंत्राकडे लक्ष देण्याची शिस्त होती, आणि तिचे खरे मोल लक्ष देण्यात होते, मिनिटांच्या संख्येत नव्हते. बुलेटला काही मिनिटे लागत, राजदूतला प्लगची निगा आणि हलकी रेस लागे, स्प्लेंडरला चोक आणि मिनिटभराचा धीर पुरे होता, आणि आजच्या इंजेक्शनच्या गाडीला तेल वर चढण्यापुरते काही सेकंद पुरतात. या सर्वांत न बदललेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे थंड इंजिनावर पहिल्या एक-दोन किलोमीटरांत जोर न टाकणे. धातूंच्या प्रसरणाचा नियम कोणत्याही निकषाने बदललेला नाही, म्हणून उभे राहून तापवण्याचा भाग आता सोडून द्यावा आणि सावकाश निघण्याचा भाग कटाक्षाने पाळावा. जुन्या मिस्त्र्यांनी आणि शेतकऱ्यांनी अनुभवातून मिळवलेल्या ज्ञानाचा हाच भाग पुढच्या पिढीला कारणासहित शिकवण्याजोगा आहे, कारण कारण ठाऊक असलेला चालक नव्या यंत्राबरोबर आपली सवय स्वतःच बदलू शकतो.